चाल परक्याची, गाणे क्लबचे : ऑस्ट्रेलियन फुटबॉल, टीव्ही आणि लोकप्रिय संगीत

यारातीर (धागालेखक)

मेलबर्नला येऊन मला चौदा वर्षे होत आली. त्यापूर्वी मेलबर्न क्रिकेट मैदान, म्हणजे एमसीजी, माझ्या लेखी एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होते : मार्च १९८५ मध्ये सुनील गावसकरांच्या संघाने तिथे पाकिस्तानला हरवले, रवी शास्त्रींना ऑडी मिळाली आणि संघाने त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारली. हिवाळा आला की त्याच मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब उभे राहतात आणि अठरा-अठरा जणांचे दोन संघ एका लंबगोल चेंडूसाठी अक्षरशः एकमेकांच्या खांद्यावर चढतात, हे इथे आल्यावर कळले. खेळाचे पूर्ण नाव 'ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल' असले तरी ते कोणी उच्चारत नाही. सगळे 'फुटी' म्हणतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक, वीस-वीस मिनिटांचे चार भाग आणि प्रत्येक भागाच्या शेवटी गिरणीत वाजावा तसा भोंगा, एवढे ठाऊक असले तरी पुढचे वाचायला पुरेसे आहे.

मला चर्चा हवी आहे ती नियमांवर नव्हे, तर या खेळाच्या गाण्यांवर आणि ती गाणी घरोघर पोचवणाऱ्या टीव्हीवर. या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते २०११च्या अंतिम सामन्यामुळे, म्हणजे इथल्या 'ग्रँड फायनल'मुळे. शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्याकडे सामना पाहायला बोलावले होते. खेळ सुरू होण्यापूर्वी अमेरिकेचे प्रसिद्ध गायक मीट लोफ मैदानात गायला उभे राहिले आणि त्यांचा आवाज असा काही फाटला की मला वाटले, टीव्हीच बिघडला. (तो प्रसंग आजही इथे फजितीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्यांच्या घशाला इजा झालेली होती, हे पुढे बाहेर आले.) आजोबांनी शांतपणे रिमोट उचलून आवाज बंद केला आणि चहा आणायला जाता जाता स्वतःच दुसरे एक गाणे गुणगुणू लागले. ते कोणते, असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी 'सुखकर्ता दुःखहर्ता म्हणजे काय?' असे विचारणाऱ्यालाच दिली असती.

ते गाणे 'अप देअर कॅझली'. त्याची जन्मकथा मला फार आवडते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. रॉय कॅझली हा १८९३ साली जन्मलेला खेळाडू आधी सेंट किल्डाकडून आणि १९२१ पासून साउथ मेलबर्नकडून खेळला. त्याचे काम 'रकमन'चे, म्हणजे पंचाने चेंडू उंच उडवला की उडी मारून तो आपल्या साथीदाराकडे टोलवण्याचे. या जागेवर आज ताडमाड माणसे दिसतात. कॅझलीची उंची मात्र सहा फुटांनाही पोचत नव्हती आणि तरीही तो सगळ्यांच्या डोक्यांवरून हात काढीत असे. तो उडी घेताना त्याचा साथीदार 'स्कीटर' फ्लायटर ओरडत असे, 'अप देअर, कॅझली!' प्रेक्षकांनी ती आरोळी उचलली, तिथून ती बोलीभाषेत गेली आणि दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिक ती रणगर्जना म्हणून देऊ लागले. १९६३ साली कॅझली वारला, पण आरोळी तशीच राहिली.

मग १९७९ मध्ये चॅनल सेव्हनला आपल्या फुटबॉल प्रक्षेपणाच्या जाहिरातीसाठी गाणे हवे होते. ते माइक ब्रेडी यांनी लिहिले. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये जन्मलेले, साठच्या दशकात पॉप गायक आणि नंतर जाहिरातींसाठी गाणी करणारे. त्यांनी ती जुनी आरोळीच ध्रुवपदात घेतली. पीटर सलिव्हन यांच्यासह 'द टू-मॅन बँड' या नावाने निघालेली त्याची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीच्या सप्टेंबरात देशात खपाच्या पहिल्या क्रमांकावर पोचली. म्हणजे मैदानातल्या एका खेळाडूने मारलेली हाक खंदकांतून फिरून जाहिरातीत आली आणि जाहिरातीतून पुन्हा मैदानात गेली. आज अंतिम सामन्याच्या दिवशी ते गाणे लागले की ती एका वाहिनीची जाहिरात होती, याची आठवण कोणालाही होत नाही.

माझा प्रश्न असा आहे : गाणे विकत घेतलेले असो किंवा उसने आणलेले असो, लोक ते कधी आणि कशामुळे आपले मानतात? जाणकारांनी लिहावे.

सुरपेटी

धागा आवडला. आपण जाहिरातीच्या बाजूने आलात. मी चालींच्या बाजूने येते, कारण इथल्या क्लबगीतांइतका उघड उसनवारीचा कारभार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. जुन्या मराठी संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' असे प्रामाणिकपणे छापलेले असे. तसेच या क्लबगीतांचे पुस्तक काढायचे झाले, तर डोक्यावर काय काय छापावे लागेल ते पाहा.

कॉलिंगवूडचे गीत १९०६ सालचे, आजच्या क्लबगीतांत सर्वांत जुने. क्लब टास्मानियाच्या दौऱ्यावर असताना टॉम नेल्सन या खेळाडूने ते रचले. चाल 'गुडबाय डॉली ग्रे' या, बोअर युद्धाच्या काळात ओठोओठी असलेल्या, निरोपाच्या गाण्याची. रिचमंडचे गीत १९१२च्या न्यूयॉर्कमधल्या एका संगीतिकेतल्या होडी वल्हवण्याच्या गमतीदार गाण्यावर बेतलेले. मेलबर्न क्लबाची चाल जॉर्ज कोहान यांनी अमेरिकेच्या झेंड्यावर केलेल्या गाण्याची, हॉथॉर्नचीही त्याच कोहान यांची. सेंट किल्डाने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' उचलले, ते एका परीने नावाला शोभणारेच झाले. साउथ मेलबर्नने, म्हणजे १९८२ साली सिडनीला गेलेल्या आजच्या स्वान्सनी, नोत्र दाम या अमेरिकन विद्यापीठाचे विजयगीत घेतले. फिट्झरॉयने तर थेट फ्रान्सचे राष्ट्रगीत घेतले आणि तो क्लब १९९६ नंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाल्यावर ती चालही आंदण म्हणून सोबत गेली. त्यामुळे क्वीन्सलँडच्या उकाड्यात आज चाळीस हजार माणसे 'ला मार्सेयेज'च्या सुरावर आपल्या 'लायन्स'चे, म्हणजे सिंहांचे, गुणगान करतात.

यारातीर, आपण २०११चा अंतिम सामना पाहिलात म्हणता, म्हणजे शेवटच्या भोंग्यानंतर जीलाँगचे गीत ऐकलेच असेल. ते बिझेच्या 'कार्मेन'मधल्या बैलझुंजाऱ्याच्या गाण्यावर आहे.

या गीतांची मैदानात वाजणारी ध्वनिमुद्रणे बहुतेक क्लबांसाठी १९७२ साली मेलबर्नच्या फेबल रेकॉर्ड्सने 'द फेबल सिंगर्स' या गायकवृंदाकडून करून घेतली. तीच खरखरीत, पितळी वाद्यांची, गावजत्रेतल्या बँडसारखी मुद्रणे पुढे कित्येक दशके वाजत राहिली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे. चाल कोणाची हा प्रश्न गौण. तेच गीत, त्याच आवाजात, शेवटच्या भोंग्यानंतर फक्त जिंकल्यावर वाजते ही अट महत्त्वाची. हरलात तर तेव्हा आपले गीत ऐकायलाच मिळत नाही, आणि समोरच्याचे संपूर्ण ऐकत मैदान सोडावे लागते.

शनिवारकर

सुरपेटी यांच्या शेवटच्या वाक्यात एक भर. प्रत्येक संघ मैदानात उतरतो तेव्हाही त्याचे गीत वाजते. त्या वेळी खेळाडू एका भल्यामोठ्या कागदी फलकातून धावत येतात. क्लबाचे चाहते आठवडाभर क्रेप कागद आणि चिकटपट्ट्या घेऊन तो फलक तयार करतात, त्यावर दोन ओळींचे टोमणेवजा यमक रचतात, वाऱ्यात तो फाटू नये म्हणून वीस-पंचवीस जण दोऱ्या ताणून उभे राहतात आणि मग खेळाडू तीन सेकंदांत त्याच्या चिंध्या करतात. गणपतीची आरास करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

भोंगा

टीव्हीच्या इतिहासाकडे वळायला हवे, कारण त्यावाचून संगीताचे कोडे सुटत नाही.

मेलबर्नमध्ये टीव्ही आला नोव्हेंबर १९५६ मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर. १९५७ साली व्हीएफएल, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाची फुटबॉल लीग, हिने सामन्यांचे थेट प्रक्षेपण करू दिले, पण फक्त शेवटच्या भागाचे. सबंध सामना घरबसल्या दिसला तर तिकीट कोण काढील, ही भीती. ही भीती इतकी चिवट होती की अंतिम सामना मेलबर्नच्या घरांत पूर्ण आणि थेट दिसायला १९७७ साल उजाडावे लागले. आणि तो सामना कोणता, तर कॉलिंगवूड विरुद्ध नॉर्थ मेलबर्न, ७६-७६ असा बरोबरीत सुटलेला! त्या काळी अंतिम सामना बरोबरीत सुटला की पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खेळत. वीस वर्षे थांबलेल्या प्रेक्षकांना एकाऐवजी दोन अंतिम सामने पाहायला मिळाले.

थेट सामना दाखवता येत नाही म्हटल्यावर वाहिन्यांनी काय केले? त्यांनी सामन्याभोवतीची गप्पांची बैठक विकली. चॅनल सेव्हनचा 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' हा रविवारचा कार्यक्रम १९५९ पासून १९८७ पर्यंत चालला. त्यात निवृत्त खेळाडू लांब टेबलामागे बसून आदल्या दिवशीच्या सामन्यावर भांडत आणि मध्येच स्टुडिओत लाकूडतोडीची स्पर्धा लागे. लू रिचर्ड्स, जॅक डायर आणि बॉब डेव्हिस हे तिघे तर गुरुवारी रात्री नुसती संघांची नावे वाचून दाखवण्याचा कार्यक्रम करीत, आणि नावे चुकीची वाचणे हाच त्यातला आनंद असे. खेळाडूचे रूपांतर करमणूक करणाऱ्यात झाले ते इथे. पुढे मार्क 'जॅको' जॅक्सनसारखा गोल करणारा खेळाडू ऐंशीच्या दशकात स्वतः गाण्याची ध्वनिमुद्रिका काढून ती खपवू शकला आणि नंतर अमेरिकेत बॅटरीच्या जाहिरातीत आरडाओरडा करीत झळकला, त्याची पायाभरणी या टेबलावर झाली होती.

आता गाण्यांकडे. यारातीर यांनी १९७९ साल सांगितले. त्याची पार्श्वभूमी अशी की केरी पॅकर यांच्या चॅनल नाइनने आपल्या बंडखोर क्रिकेट मालिकेसाठी 'कमॉन ऑसी कमॉन' हे जाहिरातगीत करून घेतले होते आणि तेही १९७९च्या सुरुवातीला खपाच्या यादीत शिखरावर पोचले होते. खेळाला गाणे जोडले की गाणेही विकले जाते आणि खेळही, हे वाहिन्यांना त्याच वर्षी दोनदा कळले. त्यानंतर प्रक्षेपणाचे हक्क जसे हात बदलत गेले, तशी गाणी बदलत गेली. १९९४ साली सेव्हनने ग्रेग चॅम्पियन यांचे 'दॅट्स द थिंग अबाउट फुटबॉल' घेतले. २००२ पासून हक्क नाइन आणि टेन यांच्याकडे गेले, तेव्हा टेनने हंटर्स अँड कलेक्टर्स या मेलबर्नच्याच रॉक वृंदाचे 'होली ग्रेल' (म्हणजे ख्रिस्ती दंतकथांतला पवित्र चषक) लावले.

या 'होली ग्रेल'ची गंमत पाहा. त्याचे गायक मार्क सीमोर यांनीच सांगितले आहे की त्यांच्या डोळ्यांसमोर नेपोलियनची रशियावरची स्वारी होती, म्हणजे बर्फात संपलेली एक फसलेली मोहीम. वाहिनीला त्यातले चषकाचे प्रतीक तेवढे हवे होते. पण जरा विचार केला तर निवड चुकीची म्हणवत नाही. अठरा क्लबांपैकी सतरा क्लबांचा हंगाम दरवर्षी रशियाच्या बर्फातच संपतो.

शंकेखोर

धागा वाचनीय आहे, तरी मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आपण सगळे जाहिरातींना लोकगीतांचा दर्जा देत आहोत. २०२५ पासूनच्या सात वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले गेले आहेत. गोल झाला की चेंडू मध्यावर परत नेईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात एक जाहिरात बसते, म्हणजे जितके गोल अधिक तितक्या जाहिराती अधिक. अशा व्यवहारात गाणे हे गिऱ्हाईक धरून ठेवण्याचे साधन असते. त्यात 'आपलेपणा' शोधणे भाबडेपणाचे नाही का? आणि आपलेपणा इतका असता, तर अंतिम सामन्याला वारंवार परदेशातून गायक कशाला आणावे लागतात?

यारातीर

शंकेखोर, आपला आक्षेप रास्त आहे आणि व्यवहार नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण परदेशी गायकांचा जो दाखला आपण दिलात, तोच मला माझ्या बाजूचा वाटतो. अंतिम सामन्याला स्टिंग येऊन गेले, रॉबी विल्यम्स, केटी पेरी, स्नूप डॉग येऊन गेले. त्यांतले कित्येक उत्तम गायले. पुढच्या सोमवारी कचेरीत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. बिदागी दिली म्हणून गाणे चिकटत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

अपवाद एक आहे आणि तो मी प्रत्यक्ष पाहिला. २०१७ साली रिचमंडने ३७ वर्षांनी विजेतेपद मिळवले. लास व्हेगासचा 'द किलर्स' हा वृंद त्या दिवशी गायला आला होता. सामन्यानंतर संध्याकाळी त्यांचा मैदानातच मोफत कार्यक्रम झाला आणि त्यात रिचमंडचा आक्रमक खेळाडू जॅक रीवोल्ट, गळ्यात पदक तसेच, मंचावर चढून 'मिस्टर ब्राइटसाइड' गायला लागला. गळा काही फार तयार नव्हता. पण माझ्या शेजारी उभा असलेला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर घातलेला पन्नाशीचा माणूस शब्द येत नसतानाही त्याच्या सुरात ओरडत होता. तेव्हापासून इथे ते गाणे कुठेही लागले की रिचमंडवाले माना वर करतात. वाहिनीने किंवा लीगने असे काही ठरवून होत नाही. लीगने ठरवलेले १९९१ साली वेव्हर्ली पार्कच्या अंतिम सामन्यात दिसले होते, जेव्हा अँग्री अँडरसन हे रॉक गायक बॅटमोबिलसारख्या गाडीतून मैदानात फिरत गात होते. ती चित्रफीत आजही निघते, पण हसण्यासाठी.

पर्थचा मालवणी

तुम्हां मेलबर्नकरांचा हा धागा यारा नदी ओलांडायला तयार नाही, म्हणून थोडे बाहेरचे लिहितो.

ॲडलेडच्या पोर्ट ॲडलेड क्लबाने २०१४ पासून घरच्या मैदानावर, चेंडू उडवण्यापूर्वीच्या शेवटच्या मिनिटात, 'इनएक्सएस'चे 'नेव्हर टेअर अस अपार्ट' लावायला सुरुवात केली. तो वृंद सिडनीचा, म्हणजे रग्बी लीगच्या शहराचा. गाणे दोन प्रेमी जिवांचे. त्याचा फुटीशी सुतराम संबंध नाही. पण पोर्ट हा गोदी कामगारांचा, दीडशे वर्षांचा जुना क्लब, आणि राष्ट्रीय लीगमध्ये १९९७ साली शिरताना जुने नाव, जुने रंग यांवरून त्याची बरीच ओढाताण झालेली. 'आम्हांला कोणी वेगळे करू शकणार नाही' या अर्थाचे शब्द अशा लोकांच्या तोंडी पडले की ते प्रेमगीत राहत नाही. मी एकदा ॲडलेड ओव्हलवर पाहुण्या क्लबाचा चाहता म्हणून बसलो होतो. सगळे मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून उभे राहिले आणि वाद्ये थांबतात त्या जागी मैदान एकट्याने गाऊ लागले. मी बसून राहिलो, कारण ते शिष्टाचाराला धरून होते. पण बसणे सोपे गेले नाही.

दुसरी गोष्ट टीव्हीची. चॅनल नाइनचा 'द फुटी शो' १९९४ ते २०१९ चालला आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात खेळाडूंना रंगमंचावर नाचायला-गायला लावणे हे त्याचे मोठे आकर्षण होते. त्याची लोकप्रियता मान्य करूनही सांगतो, त्यातला विनोद बऱ्याचदा बायकांवर आणि काळ्या माणसांवर बेतलेला असे. १९९९ साली सॅम न्यूमन हे सूत्रधार निकी विनमार या आदिवासी खेळाडूची नक्कल म्हणून तोंडाला काळे फासून बसले होते. हा तोच विनमार, ज्याने एप्रिल १९९३ मध्ये कॉलिंगवूडच्या मैदानावर दिवसभर वर्णद्वेषी शिव्या ऐकल्यावर, सामना जिंकून, बनियन वर उचलून आपल्या कातडीकडे बोट दाखवले होते. त्या छायाचित्रावरून केलेला त्याचा पुतळा आमच्या पर्थच्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

याला उत्तर टीव्हीनेच दिले, आणि तेही एका गायकाने. ग्रँट हॅन्सन हे 'ब्लॅकफायर' या आदिवासी वृंदाचे गायक. त्यांनी आधी नभोवाणीवर आणि २००७ पासून टीव्हीवर 'द मार्नग्रूक फुटी शो' चालवला. मार्नग्रूक हा आदिवासींचा जुना चेंडूचा खेळ. चेंडू पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा. फुटीचा उगम त्यात आहे की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहेत. या कार्यक्रमात आदिवासी खेळाडू पाहुणे नसून यजमान असत, स्टुडिओत थेट वाद्ये वाजत आणि खेळाची चर्चा कुळाची, गावाची, आजीची विचारपूस करीत पुढे सरके. दोन्ही कार्यक्रम २०१९ सालीच बंद झाले. मला त्यांतला एकच आठवावासा वाटतो.

सुरपेटी

पर्थच्या मालवणी यांनी चांगले भान आणले. गाण्यांतही एक दुर्लक्षित बाजू आहे : पराभूतांची.

१९७० सालचा अंतिम सामना, प्रेक्षक १,२१,६९६. मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्लटनने तो कॉलिंगवूडकडून खेचून घेतला. त्यात अॅलेक्स जेसोलेंको याने प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर चढून घेतलेला झेल आणि त्यावर समालोचक माइक विल्यमसन यांनी घातलेली 'जेसोलेंको, यू ब्यूटी!' ही साद इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण ज्याच्या पाठीचा पाट झाला, तो कॉलिंगवूडचा ग्रॅहम जेंकिन कोणाला आठवतो? मुखवटे घालून गाणाऱ्या 'टिझम' या मेलबर्नच्या विक्षिप्त वृंदाने नेमके त्या पाठीवर गाणे केले. दुसऱ्याच्या पराक्रमाच्या छायाचित्रात कायमचा वाकलेला माणूस हा गाण्याचा विषय होऊ शकतो, हे सुचायला त्या खेळाबद्दल प्रेमही हवे आणि थोडा कडवटपणाही.

आणि ज्या गाण्यात फुटी जवळजवळ नाहीच, ते मला सर्वांत जवळचे : पॉल केली यांचे 'लीप्स अँड बाउंड्स', १९८६च्या 'गॉसिप' या त्यांच्या संग्रहातले. कोणाचा विजय नाही, क्लबाचे नाव नाही. एक माणूस टेकाडावर उभा राहून पुलापलीकडच्या एमसीजीकडे पाहतो आहे, हवेत गारठा आहे, रिचमंडजवळच्या धान्याच्या कोठारांवरचे घड्याळ तापमान अकरा अंश दाखवते आहे आणि त्याला काहीतरी आठवते आहे. काय आठवते ते गाणे सांगत नाही. ती कोठारे आजही उभी आहेत, त्यांवरची नायलेक्स कंपनीची पाटीही आहे. मे महिन्यात पंट रोडच्या चढावर ट्राम थांबते तेव्हा मी उगाच तिकडे पाहते.

शनिवारकर

सुरपेटी, दुरुस्ती : पंट रोडवर ट्राम धावत नाही, ती ओलांडून जाते. आपण बहुधा चर्च स्ट्रीट म्हणत आहात, किंवा बसमध्ये आहात. बाकी सर्व मान्य.

सुरपेटी

बसमध्येच होते. गाण्याच्या नादात ट्राम आली.

नाशिककर_आई

माझी मुलगी आणि नात मेलबर्नला असतात, त्यामुळे हा धागा निमूटपणे वाचत होते. माझी नात सात वर्षांची आहे आणि रविवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे मुलांच्या फुटीच्या वर्गाला, जाते. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिने मला एक प्रकार दाखवला. जिंकल्यावर कपडे बदलायच्या खोलीत खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कोंडाळे करतात, क्लबाचे गीत ओरडून म्हणतात आणि ज्याचा पहिलाच विजय असेल त्याला मध्ये उभे करून त्याच्यावर बाटल्यांतले सरबत ओततात. ती हे टीव्हीवर बघते. तर तिने घरातल्या बाहुल्यांचे असे कोंडाळे केले, मध्ये गणपतीच्या मखरातला उंदीर ठेवला आणि 'यलो अँड ब्लॅक' असे ओरडून त्याच्यावर तांब्याने पाणी घातले. उंदीर मातीचा होता. मला विचारायचे एवढेच आहे की ही खोलीतली प्रथा जुनी आहे की कॅमेऱ्यासाठी सुरू झालेली आहे?

भोंगा

आई, गाण्याची प्रथा कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. कॉलिंगवूडचे १९०६चे गीत खेळाडूनेच खेळाडूंसाठी रचले होते. कॅमेरा त्या कोंडाळ्यात नंतर शिरला आणि आता तर तो थेट मध्यभागी असतो. त्याचा परिणाम असा दिसतो की पूर्वी अर्धे शब्द गिळणारे खेळाडू आता सगळे शब्द स्पष्ट म्हणतात. महिलांची लीग २०१७च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्या पहिल्या सामन्याला २४,५६८ माणसे आली आणि दरवाजे बंद करावे लागले. त्या रात्री कार्लटनच्या मुलींनी तेच जुने 'लिली ऑफ लगूना'च्या चालीचे गीत म्हटले. शब्द तेच, चाल तीच. नवे काही रचावे असे कोणाला वाटले नाही. आपल्या नातीच्या ओरडण्यावरून ती रिचमंडची दिसते. उंदराबद्दल वाईट वाटले.

यारातीर

शंकेखोर यांच्या प्रश्नाला मी अर्धेच उत्तर दिले होते, ते पुरे करतो.

२०२० साली साथीमुळे अंतिम सामना प्रथमच व्हिक्टोरियाबाहेर, ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर, आणि प्रथमच रात्री झाला. खेळणारे दोन्ही संघ आमचेच, रिचमंड आणि जीलाँग. आम्ही मेलबर्नकर तेव्हा टाळेबंदीत होतो. ११२ दिवसांपैकी शेवटचे काही दिवस उरले होते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. कोणाच्या घरी जायला परवानगी नव्हती. शेजारच्या आजोबांनी आपला टीव्ही खिडकीकडे वळवून ठेवला आणि मी कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकून, शाल पांघरून बसलो. आवाज मात्र माझ्या फोनवरून येत होता आणि तो चित्राच्या दोन-तीन सेकंद मागे होता.

सामन्यापूर्वी पडद्यावर एमसीजी दिसले. एक लाख माणसांचे मैदान, एकही माणूस नाही. त्यात सत्तरी ओलांडलेले माइक ब्रेडी एकटे उभे राहून 'अप देअर कॅझली' म्हणत होते. प्रक्षेपण सेव्हनचेच होते, म्हणजे शंकेखोर म्हणतात त्याप्रमाणे ती जाहिरातच. आजोबांनी खिडकीची काच वर सरकवली आणि चित्राबरोबर गायला सुरुवात केली. माझ्या फोनमधले ब्रेडी त्यांच्या मागून येत राहिले. पलीकडच्या घरातून कोणीतरी तिसऱ्याच सुरात ध्रुवपद उचलले. त्या घरात त्या वर्षी कोण राहत होते, ते मला अजून माहीत नाही.